डाव्या मैदानातून आलेला शब्द

भाषेतील काही शब्द असे असतात की त्यांचा अर्थ कोशात पाहून कळतो, परंतु त्यांचा स्वभाव कळत नाही. इंग्रजीतील ‘लेफ्ट-फील्ड’ हे सामासिक विशेषण त्यांपैकीच एक होय. कोशात त्याचा अर्थ ‘अनपेक्षित’, ‘रूढ चाकोरीबाहेरचा’, ‘विक्षिप्त’ असा दिलेला आढळतो. एखाद्या सभेत कोणाच्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न कोणी विचारला, एखाद्या पदावर ज्याचे नावही चर्चेत नव्हते अशा व्यक्तीची निवड झाली, एखाद्या संगीतकाराने प्रचलित पद्धतीशी काहीच नाते नसलेली रचना केली, की इंग्रजी वृत्तपत्रे या सर्वांना हेच विशेषण लावतात. आपल्याकडील इंग्रजी नियतकालिकांतही ते आता सर्रास येते. आणि ज्याने बेसबॉलचा खेळ कधीही पाहिलेला नाही असा वाचक ते वाचून पुढे जातो.

पुढे जाताना कधी कधी तो घसरतोही. ‘लेफ्ट-फील्ड उमेदवार’ असे शब्द दिसले की तो उमेदवार डाव्या विचारसरणीचा असावा असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. वस्तुतः या दोन ‘डाव्यां’चा परस्परांशी संबंध नाही. राजकारणातील डावे-उजवे हे १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या अधिकाराचे विरोधक अध्यक्षांच्या डाव्या बाजूस व समर्थक उजव्या बाजूस बसत, त्यावरून आले. आपल्या विशेषणातील डावी बाजू ही अमेरिकेतील एका मैदानाची आहे. एखादा उमेदवार कट्टर उजव्या मताचा असूनही ‘लेफ्ट-फील्ड’ असू शकतो. एवढा एक घोटाळा टाळण्यासाठीसुद्धा या शब्दाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, शब्दाची उत्पत्ती शोधताना पुरावा कोणता आणि केवळ रंजक कथा कोणती, हे ओळखण्याची रीत या एका उदाहरणावरून चांगली समजते.

मैदानाची रचना

बेसबॉलचे मैदान क्रिकेटसारखे वर्तुळाकार नसते. ते एखाद्या उघडलेल्या पंख्यासारखे असते. पंख्याची मूठ जेथे असावी तेथे फलंदाज उभा राहतो. त्या जागेला ‘होम प्लेट’ म्हणतात. तेथून समोर पाहिले असता उजव्या हाताला पहिला तळ, समोर दूर दुसरा तळ आणि डाव्या हाताला तिसरा तळ असतो. होम प्लेट धरून हे चार बिंदू मिळून एक चौरस होतो. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर असते. गोलंदाज या चौरसाच्या मध्याजवळ उभा राहून चेंडू टाकतो. त्याचे फलंदाजापासूनचे अंतर १८९३ सालापासून ६० फूट ६ इंच ठरलेले आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी ६६ फूट असते हे लक्षात घेतले, तर आपल्या वाचकांना या अंतराची कल्पना येईल.

चेंडू टोलविल्यानंतर फलंदाज पहिल्या तळाकडे धावतो, तेथून दुसऱ्या, तिसऱ्या तळाला स्पर्श करीत शेवटी होम प्लेटवर परत येतो. तेव्हा त्याच्या संघाची एक धाव होते. या चौरसाच्या पलीकडे पसरलेल्या विस्तीर्ण हिरवळीचे तीन भाग मानतात: डावे मैदान, मधले मैदान आणि उजवे मैदान. प्रत्येक भागात एक एक क्षेत्ररक्षक असतो. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. क्रिकेटमध्ये ‘ऑफ’ आणि ‘ऑन’ या बाजू फलंदाज उजवा की डावखुरा यावरून बदलतात. बेसबॉलमधील डावे-उजवे मात्र होम प्लेटवरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने कायमचे ठरलेले आहे. डावे मैदान हे तिसऱ्या तळाच्या मागील बाजूस, फलंदाजापासून बरेच दूर असते. चेंडू तेथवर जावा यासाठी तो चांगलाच टोलवावा लागतो. त्यामुळे तेथील खेळाडूला पुष्कळ वेळ केवळ वाट पाहत उभे राहावे लागते.

दोन वाक्प्रचार, एक विशेषण

या मैदानापासून इंग्रजीत दोन वाक्प्रचार तयार झाले, आणि त्यांचा अर्थ एकच आहे असे समजण्याची चूक नेहमी होते. पहिला म्हणजे ‘आउट इन लेफ्ट फील्ड’, अर्थात दूर डाव्या मैदानात असलेला. हा माणसाविषयी वापरतात. ज्याचे म्हणणे मूळ मुद्द्यापासून कोसभर दूर आहे, जो वस्तुस्थिती सोडून भलतेच बोलतो आहे, त्याला हे शब्द लावतात. दुसरा म्हणजे ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’, अर्थात डाव्या मैदानातून आलेला. हा घटनेविषयी, प्रश्नाविषयी किंवा कल्पनेविषयी वापरतात. ज्या दिशेकडे कोणाचेही लक्ष नव्हते, तेथून येऊन थडकलेली गोष्ट, असा त्याचा भाव आहे.

पहिल्यात स्थान आहे, दुसऱ्यात उगम आहे. पहिल्यात विक्षिप्तपणा आहे, दुसऱ्यात अनपेक्षितता आहे. नामापूर्वी लावण्यासाठी या लांब वाक्प्रचारांचा संक्षेप होऊन मधे संयोगचिन्ह असलेले ‘लेफ्ट-फील्ड’ हे विशेषण बनले, तेव्हा दोन्ही प्रवाह एकाच पात्रात आले. ‘लेफ्ट-फील्ड’ म्हटलेली गोष्ट अनपेक्षित तर असतेच, पण थोडी तऱ्हेवाईकही असते, ती यामुळेच. स्तुती आणि निंदा या दोन्ही कामांसाठी हा शब्द चालतो, त्याचेही कारण हेच.

या घडणीत आपल्या वाचकांना अपरिचित असे काही नाही. दोन पदे एकत्र येऊन तिसऱ्याच वस्तूचे वर्णन करतात, हा समासाचा प्रकार संस्कृत वैयाकरणांनी फार पूर्वी ओळखला. युरोपातील भाषाशास्त्रज्ञांना आपल्या भाषांतील समासांचे वर्गीकरण करताना याहून चांगली नावे मिळाली नाहीत, म्हणून ‘तत्पुरुष’, ‘द्वंद्व’ आणि ‘बहुव्रीहि’ या संज्ञा त्यांनी जशाच्या तशा उचलल्या. इंग्रजी व्याकरणाच्या ग्रंथांतही त्या आज आढळतात.

उत्पत्तीच्या तीन कथा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. डाव्या मैदानाचाच संबंध अनपेक्षिततेशी का जोडला गेला? याविषयी अमेरिकेत तीन कथा विशेष प्रचलित आहेत.

पहिली कथा शिकागो शहरातील आहे. तेथील ‘कब्ज’ या संघाचे मैदान १८९३ पासून १९१५ पर्यंत शहराच्या पश्चिम भागात होते. याच मैदानावर खेळत असताना या संघाने १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर पुढचे अजिंक्यपद मिळण्यासाठी त्याला २०१६ सालापर्यंत थांबावे लागले. कथा अशी की, या मैदानाच्या डाव्या भागामागे मनोरुग्णांचे रुग्णालय होते. तेथील रुग्णांचे चित्रविचित्र ओरडणे खेळाडूंच्या कानी पडे, आणि त्यावरून ‘डाव्या मैदानातून आलेले’ म्हणजे विक्षिप्त, असा अर्थ रूढ झाला. कथा मनोरंजक आहे खरी. परंतु हा संघ १९१६ साली शहराच्या उत्तर भागातील नव्या मैदानावर गेला, आणि आपला वाक्प्रचार लाक्षणिक अर्थाने छापील मजकुरात रुळलेला दिसतो तो १९४० च्या दशकात. मधली पंचवीसेक वर्षे तो कोठे होता, याचे उत्तर कथेत नाही. जुन्या मैदानाच्या जागेवर पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या व रुग्णालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. नंतरच्या पिढीने रुग्णालयांचा तो परिसर पाहून ही कथा रचली असणे अशक्य नाही.

दुसरी कथा न्यूयॉर्कची. तेथील ‘यांकी स्टेडियम’ १९२३ साली सुरू झाले. त्या काळचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू बेब रूथ हा या मैदानावर उजव्या भागात क्षेत्ररक्षण करी. शिवाय तो डावखुरा फलंदाज असल्यामुळे त्याचे उत्तुंग टोलेही बहुधा उजवीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडत. अशा वेळी जो डाव्या मैदानामागचे तिकीट काढील तो वेडाच म्हटला पाहिजे, अशी थट्टा मुले करीत आणि तीतून वाक्प्रचार निघाला, असे सांगतात. या कथेने फार तर ‘मूर्ख’ हा अर्थ उलगडतो. अनपेक्षितपणाचा अर्थ तिच्यातून निघत नाही.

तिसरे स्पष्टीकरण खेळातूनच येते, आणि अनेकांना तेच अधिक पटते. तिसऱ्या तळाकडून होम प्लेटकडे धावणाऱ्या खेळाडूची पाठ डाव्या मैदानाकडे असते. तेथील क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू त्याला दिसत नाही. तो मागून डोक्यावरून येतो आणि समोरच्या झेलरक्षकाच्या हाती पडतो. आपण बाद झालो हे धावणाऱ्याला चेंडू पुढे आल्यावरच कळते. डाव्या मैदानातून काहीतरी अचानक येणे याचे इतके नेमके चित्र दुसरे मिळणार नाही. तरीही एक शंका उरते. दुसऱ्या तळाकडून तिसऱ्याकडे धावणाऱ्या खेळाडूच्या पाठीमागे उजवे मैदान असते, आणि तेथूनही चेंडू असाच न दिसता येतो. मग ‘उजव्या मैदानातून आलेला’ असा वाक्प्रचार का झाला नाही?

केवळ दूरपणा हे कारण मानले तरी अडचण सुटत नाही. बहुसंख्य फलंदाज उजवे असतात आणि उजव्या फलंदाजाचा जोरकस टोला सामान्यतः डावीकडे जातो. म्हणूनच शाळकरी मुलांच्या खेळात सर्वांत कच्च्या मुलाला उजव्या मैदानात उभे करतात. तिकडे चेंडू क्वचितच जातो. ओसाडपणाचा मान द्यावयाचा तर तो उजव्या मैदानाला मिळावयास हवा होता.

तात्पर्य, वाक्प्रचार बेसबॉलमधून आला एवढे निश्चित. मैदानातील अमुक एका प्रसंगातून किंवा अमुक एका गावातून आला, असे म्हणण्यास आधार नाही. शब्दांच्या बाबतीत हे वारंवार घडते. मराठीत आता सहज वापरला जाणारा ‘पॉश’ हा शब्द घ्या. इंग्लंडहून मुंबईकडे येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली उन्हापासून सुरक्षित असे. धनिक प्रवासी अशा खोल्या राखून ठेवीत आणि त्यांच्या तिकिटांवर या व्यवस्थेची चार आद्याक्षरे छापलेली असत. त्यांचाच ‘पॉश’ झाला, अशी कथा मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. परंतु अशी अक्षरे असलेले एकही तिकीट शोधकांना आजवर मिळालेले नाही. जी व्युत्पत्ती फारच नीटनेटकी आहे, जिच्यात स्थळ, पात्रे आणि विनोद सर्व काही आहे, तिच्याविषयी अभ्यासकाने अधिक सावध राहावे हे बरे. कथेचा काळ आणि शब्दाच्या पहिल्या लिखित वापराचा काळ यांचा मेळ बसतो काय, ही कसोटी सर्वांनी सहज लावण्याजोगी आहे.

डावेपणाचे ओझे

मग डावेच का? येथे पुरावा संपतो आणि अनुमानाचा प्रांत सुरू होतो; परंतु हे अनुमान निराधार नाही. जगातील बहुसंख्य माणसे उजव्या हाताने कामे करतात, आणि त्यामुळे अनेक भाषांनी डाव्या बाजूवर अन्याय केलेला आहे. लॅटिनमध्ये डावीकडचा या अर्थी असलेल्या ‘सिनिस्टर’ या शब्दाला इंग्रजीत ‘अशुभ’, ‘कपटी’ असा अर्थ आला. फ्रेंच भाषेत डाव्याला ‘गोश’ म्हणतात. तोच शब्द इंग्रजीत ‘अडाणी’, ‘गबाळा’ या अर्थाने वापरतात. वरवर प्रशंसा पण आतून टोमणा असेल तर इंग्रज त्याला ‘डावखुरी प्रशंसा’ म्हणतो. संस्कृतातील ‘वाम’ या शब्दात मात्र गंमत आहे. त्याचा अर्थ डावा, वाकडा, प्रतिकूल असा होतो आणि सुंदर असाही होतो. दैव ‘वाम’ झाले तर संकट येते, पण ‘वामा’ म्हणजे रूपवती स्त्री. मराठीत आपण ‘डावे-उजवे करणे’ म्हणतो तेव्हा डावे म्हणजे कमी प्रतीचे हे गृहीतच धरलेले असते.

ज्या भाषेत डावे म्हणजे काहीसे विचित्र हा संस्कार शतकानुशतके मुरलेला आहे, तिला मैदानाच्या दोन बाजूंपैकी विचित्रपणासाठी एक निवडावयाची झाल्यास ती डावी निवडील, हे समजण्यासारखे आहे.

खेळाविना शब्द

शब्द एकदा रूढ झाला की त्याला मूळ वस्तूची गरज उरत नाही. ‘लेफ्ट-फील्ड’ हे विशेषण अटलांटिक महासागर ओलांडून ब्रिटनमध्ये गेले. तेथे बेसबॉल फारसे कोणी खेळत नाही. तरीही चाकोरीबाहेरच्या कलाकृतींसाठी, विशेषतः संगीतासाठी, ब्रिटिश समीक्षकांनी ते आपलेसे केले. १९८९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रसिद्ध जोडीने तर हेच आपले नाव ठेवले. क्रिकेटच्या देशात बेसबॉलचा शब्द असा स्थायिक झाला.

याच्या उलट, क्रिकेटनेही अनपेक्षिततेसाठी एक शब्द दिलेला आहे आणि तो आपल्याला अधिक जवळचा आहे. इंग्लंडच्या बर्नार्ड बोझँकेट याने १९०० च्या सुमारास असा चेंडू टाकण्यास सुरुवात केली की, हाताची हालचाल लेगब्रेकची दिसावी आणि चेंडू मात्र उलट दिशेने वळावा. ऑस्ट्रेलियात त्या चेंडूला त्याच्या नावावरून ‘बोझी’ म्हणू लागले. इतरत्र त्याचे नाव ‘गुगली’ असे पडले. मराठी वृत्तपत्रांत एखाद्या पुढाऱ्याने ‘गुगली टाकली’ असे वाक्य आले, तर क्रिकेट न खेळणाऱ्या वाचकालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. गुगली आणि डाव्या मैदानातून आलेला चेंडू यांत मात्र भेद आहे. गुगली टाकणारा समोर दिसतो. फसवणूक त्याच्या मनगटात असते. डाव्या मैदानातून येणाऱ्या चेंडूत फसवणूक नसते. पाहणाऱ्याचे तोंडच दुसरीकडे असते.

खेळांतून भाषेने शब्द घ्यावेत ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. ‘शह देणे’ बुद्धिबळातून आले, ‘चीतपट करणे’ कुस्तीतून, ‘खो घालणे’ खो-खोतून, ‘फासे उलटे पडणे’ सोंगट्यांच्या पटावरून. ‘पोबारा करणे’ म्हणताना सोंगट्यांच्या खेळातील ‘पौ बारा’ या दानाची आठवण आज किती जणांना होत असेल?

कावळा, बोकड आणि लावा पक्षी

अनपेक्षितता एका सामासिक विशेषणात बांधण्याची कल्पना आधुनिक नाही, आणि केवळ इंग्रजीची तर नाहीच नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अशा शब्दांसाठी एक स्वतंत्र सूत्रच दिले आहे. दोन शब्दांचा समास करून त्याला ‘सारखे’ या अर्थाचा प्रत्यय लावला की ही विशेषणे तयार होतात. टीकाकारांनी दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत.

‘काकतालीय’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. कावळा येऊन बसावा आणि नेमके त्याच क्षणी ताडाचे फळ पडावे, यासारखे. कावळ्याच्या येण्याने फळ पडले नाही. दोन स्वतंत्र घटनांची केवळ गाठ पडली. मराठीतील ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण याच कल्पनेचे घरगुती रूप होय. ‘अजाकृपाणीय’ म्हणजे बकरी आणि तलवार यांच्यासारखे: बकरी सहज तेथे यावी आणि तलवार नेमकी तिच्या मानेवर पडावी. ‘अंधकवर्तकीय’ म्हणजे आंधळा आणि लावा पक्षी यांच्यासारखे: आंधळ्याने सहज हात पुढे करावा आणि पक्षी अलगद हाती लागावा. संस्कृतातील ‘वर्तक’ तोच हिंदीतील ‘बटेर’. आणि ‘अंधे के हाथ बटेर’ ही म्हण आजही उत्तर भारतात घरोघरी बोलली जाते. व्याकरणाच्या ग्रंथातील एक उदाहरण असे अनेक शतकांनंतरही बाजारात आणि चौकात वावरताना दिसते, ही गोष्ट कोणत्याही व्युत्पत्तिकथेपेक्षा कमी नवलाची नाही. वाळवीसारख्या किड्याने लाकूड पोखरता पोखरता अक्षराचा आकार उमटावा, या कल्पनेवरून ‘घुणाक्षर’ हा शब्द आला. टक्कल पडलेला मनुष्य सावलीसाठी बेलाच्या झाडाखाली जातो आणि बेलफळ नेमके त्याच्या डोक्यावर पडते, असाही एक न्याय आहे. अशा लौकिक न्यायांचा संग्रह कर्नल जेकब या इंग्रज अभ्यासकाने केला आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो विसाव्या शतकाच्या आरंभी तीन भागांत छापला.

रोजच्या वापरातील ‘अकस्मात’ हा शब्दही मुळात असाच घडलेला आहे. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. ज्याला ‘कशामुळे’ नाही ते अकस्मात. कचेरीतील ‘आकस्मिक रजा’ मागताना आपण एका तत्त्वज्ञानाच्या प्रश्नाला स्पर्श करीत असतो याची जाणीव अर्जदाराला क्वचितच असते.

अनपेक्षिततेचे प्रकार

एवढे शब्द एकत्र ठेवले म्हणजे ध्यानात येते की, अनपेक्षितता ही एक वस्तू नाही. तिचे निरनिराळे प्रकार आहेत आणि भाषेने त्यांसाठी निरनिराळी चित्रे शोधली आहेत.

‘काकतालीय’मध्ये योगायोग आहे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेत जंतूंच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले. पेनिसिलीनच्या शोधाचा आरंभ असा काकतालीय होता. अर्थात पडलेल्या फळाचे मोल ओळखणारा डोळा तेथे होता, हे वेगळे.

‘आउट ऑफ द ब्लू’ या इंग्रजी वाक्प्रचारात आघात आहे. निळ्या, निरभ्र आकाशातून वीज पडावी, हे त्यातील चित्र. थॉमस कार्लाइल यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात ते योजले आहे. त्यापूर्वी अठरा शतके रोमन कवी होरेस यानेही स्वच्छ आकाशातील गडगडाटाचे वर्णन केलेले होते. हे चित्र केवळ कल्पित नाही. मेघाच्या वरच्या भागातून निघालेली वीज कधी कधी पंधरा-वीस किलोमीटर दूर जाऊन जेथे डोक्यावर ढग नाही तेथे पडते. संस्कृतात ‘अनभ्रवृष्टि’, म्हणजे ढगाविना पाऊस, असा शब्द आहे. पण तो अवचित लाभासाठी. पावसाची वाट पाहणाऱ्या देशाने निरभ्र आकाशातून वरदान कल्पिले, तर युरोपने वज्र कल्पिले, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र आपल्याकडेही ‘वज्राघात’ आहेच. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व आसपासची गावे गणेशविसर्जन आटोपून झोपेत असताना भूकंपाने जमीनदोस्त झाली. दख्खनचे पठार स्थिर आहे असा सर्वसाधारण समज असलेल्या त्या प्रदेशावरील हा आघात निरभ्र आकाशातील विजेसारखाच होता. त्याला ‘लेफ्ट-फील्ड’ म्हणणे केवळ चुकीचेच नव्हे, तर असंवेदनशील ठरेल. कारण त्या शब्दात तऱ्हेवाईकपणाची छटा आहे.

‘लेफ्ट-फील्ड’मध्ये मुख्य आहे ती दिशा. आल्फ्रेड वेगेनर हे हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी १९१२ साली खंडे सरकतात असा सिद्धांत मांडला, तेव्हा अनेक भूगर्भशास्त्रज्ञांनी तो उडवून लावला. १९६० च्या दशकात सागरतळाच्या अभ्यासातून भक्कम पुरावा मिळाल्यानंतर त्यातील मूळ कल्पना सर्वमान्य झाली. मायकेल व्हेंट्रिस हे व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ. क्रीट बेटावर सापडलेली आणि विद्वानांना अनेक दशके न उलगडलेली ‘लिनिअर बी’ ही लिपी त्यांनी १९५२ साली वाचून दाखविली, आणि तिच्यातील भाषा प्राचीन ग्रीक असल्याचे सिद्ध केले. दोन्ही ठिकाणी उत्तर आले ते ज्या दारावर कोणी लक्ष ठेवलेले नव्हते त्या दाराने. त्यात योगायोग नव्हता. दीर्घ परिश्रम होते. म्हणून या शोधांना ‘काकतालीय’ म्हणणे अन्यायाचे होईल. ‘लेफ्ट-फील्ड’ हे विशेषण त्यांना शोभते. मात्र त्या दिशेने येणाऱ्या कल्पनांपैकी पुष्कळशा चुकीच्याच ठरतात हेही विसरून चालणार नाही. विशेषण केवळ दिशा सांगते. कल्पनेची सत्यता पुराव्यानेच ठरते.

मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकारापुढे शेवटी हा प्रश्न उभा राहतोच. ‘डाव्या मैदानातला’ असा शब्दशः अनुवाद निरुपयोगी होय. त्यातून खेळही कळत नाही आणि राजकारणाचा भ्रम मात्र होतो. सरसकट ‘अनपेक्षित’ म्हटल्यास अर्थ येतो, पण रंग जातो. प्रसंग पाहून शब्द निवडणे हाच मार्ग आहे. प्रश्न असेल तर ‘भलत्याच दिशेने आलेला प्रश्न’. निवड असेल तर ‘कोणाच्या ध्यानीमनी नसलेली निवड’. कलाकृती असेल तर ‘चाकोरीबाहेरची’ किंवा ‘आडवाटेची’. निंदा अभिप्रेत असेल तर ‘तिरपागडी कल्पना’. यांपैकी ‘चाकोरीबाहेरचा’ हा शब्द विशेष चांगला आहे. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यावर पडलेली खोल रेघ. जो गाडीवान ती सोडून गाडी हाकतो तो इतरांना विचित्र वाटतो. कधी तो खड्ड्यात जातो, तर कधी नवी वाट पाडतो. बेसबॉलचे मैदान न पाहिलेल्या वाचकालाही हे चित्र पाहताक्षणी कळते. फक्त त्यात अचानकपणाचा अंश कमी आहे. तेवढा हवा असेल तेथे ‘अवचित’ किंवा ‘अचानक’ हा शब्द जोडीला घ्यावा.